फोनची घंटा बारीक करताना

काळ्या फोनला आवाज कमी-जास्त करायची सोय नव्हती. रेडिओचा कान पिळता यायचा, पंख्याला रेग्युलेटर होता, कंदिलाचीसुद्धा वात खाली घेता यायची. फोन मात्र वाजला की पुरता वाजायचा. सांगलीत गणपती पेठेत आमची खाली हळदीची अडत आणि वर बिऱ्हाड. फोन दोन्हींच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, चहाच्या रिकाम्या खोक्यावर ठेवलेला. खाली मालाच्या गडबडीत आण्णांना ऐकू गेला पाहिजे आणि वर भाजीच्या फोडणीवरून आज्जीलाही, असा त्यामागचा हिशोब. हिशोब जरा जास्तच बरोबर निघाला होता. समोरच्या किराणा दुकानदारालाही आमचा फोन ऐकू जायचा. आम्ही लवकर उचलला नाही, तर तो रस्त्यातूनच हाळी द्यायचा, "आण्णा, फोन वाजतोय ओ!"

या सगळ्यात हाल व्हायचे ते धाकट्या काकूचे. तिला अर्धशिशी होती. डोकं धरलं की ती कपाळाला फडकं आवळून, खिडकीला गोणपाट लावून आतल्या खोलीत पडायची. आणि तिचं दुखणं नेमकं उन्हाळ्यात बळावायचं, म्हणजे हळदीच्या हंगामात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नवीन माल बाजारात यायचा, निजामाबादचा भाव काय, इरोडला काय चाललंय, राजापुरी हळदीला उठाव आहे का, याची विचारपूस दिवसभर फोनवरून. प्रत्येक घंटेला आतून काकूचं कण्हणं यायचं. आण्णा कानकोंडे होऊन रिसीव्हर उचलायचे आणि मग हळू बोलायचा प्रयत्न करायचे. ट्रंक कॉलवर, म्हणजे बाहेरगावच्या फोनवर, हळू बोलून भागायचं नाही, त्यामुळे पुढचं एक मिनिट घंटा बरी होती असं वाटायचं.

बापूकाका, म्हणजे काकूचा नवरा, हा स्क्रू दिसला की काढणारा माणूस. एका दुपारी त्याने फोन उलटा केला. आम्ही पोरं भोवती बसलो.

आतली रचना मी नंतर पुस्तकांतून नीट समजून घेतली, पण त्या दिवशी जे दिसलं तेवढ्यावर अर्धं कळलं होतं. धातूच्या दोन वाट्या शेजारी शेजारी, प्रत्येक मधोमध एका स्क्रूवर बसवलेली. दोन्हींच्या मधल्या फटीत एका काडीच्या टोकाला बसवलेली वाटाण्याएवढी हातोडी. काडीच्या बुडाशी तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि एक कायमचा लोहचुंबक. फोन नुसता ठेवलेला असतो तेव्हा एक्स्चेंजच्या बॅटरीचा सुमारे ५० व्होल्टचा दाब तारेवर असतो, पण तो एकाच दिशेचा. घंटेच्या वाटेत एक कंडेन्सर बसवलेला असतो, तो हा एकदिश प्रवाह अडवून धरतो. कुणी नंबर लावला की एक्स्चेंज त्याच तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडतं. तो कंडेन्सरमधून पार होतो. एका दिशेला वाहिला की हातोडी डाव्या वाटीवर, उलटला की उजव्या वाटीवर. म्हणजे सेकंदाला ५० टोले. आपल्याकडची घंटा ०.४ सेकंद वाजायची, ०.२ सेकंद थांबायची, पुन्हा ०.४ सेकंद वाजायची आणि मग दोन सेकंद गप्प. आपण ज्याला नुसतं "ट्रिंग" म्हणायचो, त्यात वीस टोले असायचे. काकूला हे कुणी सांगितलं नाही ते बरं.

फोन उघडा असताना बापूकाकाचं बोट नको तिथे होतं आणि नेमका त्याच वेळी निजामाबादचा फोन आला. बॅटरीचा दाब कोरड्या हाताला जेमतेम जाणवतो, रिंगचा करंट मात्र चांगलाच चावतो. त्याने जो शब्द उच्चारला तो आज्जीने स्वयंपाकघरातून ऐकला, आणि फोनवरच्या शेठनेही.

घंटा ही टेलिफोनची मागाहून आलेली जोड आहे, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. १८७६ साली ग्रॅहम बेलने आपला मदतनीस वॉटसन याला शेजारच्या खोलीतून हाक मारली, तेव्हा फोनला घंटाबिंटा काही नव्हती. सुरुवातीचे फोन वापरणारे पलीकडच्याला बोलावण्यासाठी बोलायच्या पडद्यावर पेन्सिलीने टकटक करायचे, नाहीतर त्यात ओरडायचे. पलीकडचा माणूस त्याच खोलीत असला तर ऐकणार. पडद्यांची पार वाट लागायची. मग याच वॉटसनने आधी पडद्याला आतून ठोकणारी हातोडी बनवली, मग गुणगुणणारं एक यंत्र, आणि १८७८ च्या सुमारास ही दोन वाट्यांची, चुंबकाची घंटा. भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला २८ जानेवारी १८८२ रोजी एक्स्चेंज सुरू झाली. पुढे शंभर वर्षं तरी जगभरच्या फोनमध्ये वॉटसनच्या घंटेचीच नातवंडं वाजत होती. माणूस दुसऱ्या खोलीत असला तरी त्याला उठवून आणायचं, यासाठी ती घडवली होती. तिच्याकडून सौम्यपणाची अपेक्षा करणं तसं अन्यायाचंच होतं.

पहिला उपाय आज्जीचा. तिने फोनवर जुन्या लुगड्याची चौघडी टाकली. आवाज तसूभरही कमी झाला नाही, आणि फोन उचलताना रिसीव्हरबरोबर लुगडंही यायचं. दुसरा उपाय बापूकाकाचा. त्याने दोन्ही वाट्यांच्या कडेला रबरबँड गुंडाळले. आता घंटा वाजेना, नुसतं टकटक व्हायला लागलं. आण्णांनी पहिले दोन फोन घेतलेच नाहीत. जिन्यात उंदीर आहे असं त्यांना वाटलं.

इथे एक गंमत आहे, ती बापूकाकाने हाताने शोधली. वाटी कडेला सगळ्यात जास्त थरथरते आणि मध्ये, जिथे स्क्रू आहे तिथे, जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे कडेला इवलासा रबराचा तुकडा लावला तरी तिचा प्राण जातो, आणि तोच तुकडा स्क्रूजवळ सरकवला तर तिला पत्ताही लागत नाही. मधल्या जागेवर आवाज हवा तसा कमी करता येतो. तो तुकडा अर्ध्या बोटाने इकडे तिकडे सरकवत, आम्हा पोरांना शेजारून फोन करायला पाठवत, बापूकाकाने दुपारच्या दुपारी घालवल्या.

शेवटी त्याचं समाधान झालं ते वाटीला हात न लावता. सायकलच्या दुकानात व्हॉलट्यूब मिळायची. ट्यूबच्या व्हॉल्व्हवर चढवायची ती बारीक रबरी नळी, चार-आठ आण्यांचा माल. तिचा नखाएवढा तुकडा कापून त्याने हातोडीच्या बोंडावर चढवला. घट्ट बसला. आता टोला पडायचा तो मऊ पडायचा. वाटी पूर्वीसारखीच मोकळी होती, तिचा नाद टिकायचा, पण त्यातली धार गेली. रबर वाटीवर चिकटवलं की ती मुकी होते, हातोडीला चढवलं की नुसती नरमते. दोन्हींत खर्च तेवढाच, पण फरक केवढा! पुढे शाळेत ध्वनीचा धडा आला तेव्हा टणक टोल्याने वरचे तीक्ष्ण सूर जास्त उठतात आणि मऊ टोल्याने कमी, हे मला पाठ करावं लागलं नाही.

काकूने पहिल्यांदा ती नवी घंटा ऐकली आणि दाराआडून विचारलं, "आपलाच का फोन?" बापूकाकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र आयुष्यात मिळालं नसावं.

लाइनमनला मात्र हे खपलं नाही. फोन काही आमचा नव्हता. तार, डबा, सगळं सरकारी टेलिफोन खात्याचं. आपण भाडं भरून वापरणार, उघडायचा अधिकार नाही. तक्रार दुसरीच होती, बाहेरच्या पावसाने तार खराब झाली होती, पण त्याने सवयीने बूड उघडलं आणि रबर बघून बापूकाकाकडे पाहिलं. मग हसला. "ह्ये कशाला? हिकडं बघा." त्याने एका वाटीचा स्क्रू सैल करून वाटी नुसती फिरवली. वाटीचं भोक बरोबर मधोमध नव्हतं, किंचित बाजूला होतं. त्यामुळे ती फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. लांब गेली की टोला निसटता पडतो. कारखान्यातूनच ठेवलेली सोय होती ती, आणि आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. तरी बापूकाकाने लाइनमन गेल्यावर व्हॉलट्यूब परत चढवली. वाटी फिरवून आवाज कमी होतो खरा, पण टोचतो तसाच, असं त्याचं मत. माझंही तेच आहे.

त्याच पावसाळ्यात आण्णांच्या ओळखीचे मिरजेचे एक सतारमेकर घरी आले होते. मिरजेत ज्यांचं आयुष्य भोपळ्यात आणि तुनाच्या लाकडात गेलंय, त्या घराण्यांपैकी. तंबोऱ्याची जवारी काढणारा हा माणूस, म्हणजे घोडीचा माथा कानशीने केसाएवढा घासायचा, तारेखालचा दोरा रेसभर सरकवायचा आणि तार बोलेपर्यंत थांबायचं. ते चहा घेत असताना फोन वाजला. त्यांनी कप खाली ठेवला. आण्णा बोलत होते तोवर ते खोक्याकडेच बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "दोन वाट्या दोन सुरांत आहेत की. एक जरा चढी आहे." ते आम्हाला कुणाला कधी कळलं नव्हतं. मग उठून त्यांनी चहाच्या खोक्यावर बोटाने टिचकी मारली, बाजूने कान लावला, आणि बापूकाकाला सांगितलं, "घंटेच्या मागं कशाला लागलायस? निम्मा आवाज ह्या खोक्याचा आहे. पोकळ, वर पातळ फळी. आम्ही तबली ह्याच्यासाठीच करतो."

फोन उचलून हातात धरला आणि शेजारून रिंग द्यायला सांगितलं. खरंच, आवाज पार उतरला. पुन्हा खोक्यावर ठेवला, जिना घुमला. आज्जीने माळ्यावरून जुन्या घोंगड्याचा तुकडा काढला, चार घड्या घालून फोनखाली ठेवला. इतके दिवस आपण लुगडं वर टाकत होतो, ते खाली टाकायला हवं होतं, यावर तिने नंतर कधी भाष्य केलं नाही.

गोष्ट इथे मिटायला हरकत नव्हती. काकू निवांत, आण्णांना ऐकू येतंय, बापूकाका खूश. पण आमचा नंबर एकट्या आमचा नव्हता, हे सगळे विसरले होते. त्या काळात एका फोनवर अर्धी गल्ली जगायची. पत्रिकेवर, पावतीवर, नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर छापून पुढे कंसात "पीपी", म्हणजे फोन शेजारचा आहे, बोलावून द्या, असं लिहिणारी पाच-सहा घरं तरी होती. त्यांतल्या एक वहिनी मागच्या चाळीत राहायच्या, विट्याकडच्या. त्यांचा नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, कामाला कोइमतूरला. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत, जिथे सराफ कट्टा तिथे विट्याचा माणूस, असं म्हणतात ते खोटं नाही. रात्री दर कमी असायचा म्हणून त्यांचा फोन रविवारी उशिरा यायचा. बाहेरगावचा फोन लांब वाजायचा, स्थानिक फोनसारखा तुटक नाही. ती लांब घंटा ऐकली की वहिनी निरोप जायच्या आत पदर सावरत जिन्यात हजर. आम्हाला वाटायचं, किती वेळेवर येतात! त्या घंटा ऐकून येत होत्या. आता घंटा मागच्या चाळीपर्यंत पोचेना.

त्या काही बोलल्या नाहीत. फोन आपला नाही, बोलायचं काय? एका रविवारी जेवणं झाल्यावर त्या येऊन आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. पुढच्या रविवारीही. आज्जीने विचारलं, "आत का बसत नाही?" तर म्हणाल्या, "हितं बरं हाय वारं." आमच्या जिन्यात वारा कधीच नव्हता.

आज्जीने बापूकाकाला काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा उलटा झाला. यावेळी हातोडीवरची व्हॉलट्यूब निघाली आणि रबराचा तुकडा एका वाटीच्या कडेला चिकटला. दुसरी वाटी मोकळी. कुठली मोकळी ठेवायची यावर घरात चर्चा झाली. सतारमेकरांनी सांगितलेली चढी वाटी काकूच्या डोक्यात जायची. आण्णांना वयामुळे वरचे सूर तसेही ऐकू येत नव्हते, म्हातारपणी आधी तेच जातात. म्हणजे खर्जातली राहू दे. टोले निम्मे झाले, आवाज एकसुरी झाला, पण मागच्या चाळीत गेला. त्या रविवारी वहिनी पायरीवर नव्हत्या. घंटा झाली आणि त्या आल्या.

नदीचं गाव म्हटलं की घंटेला आणखी एक कायदा लागू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली की घोंगडं निघायचं, रबर निघायचं, आणि काकूसुद्धा काही म्हणायची नाही. आण्णांचे एक व्याही कऱ्हाडला. कोयना आणि कृष्णा तिथे मिळतात, तिथलं पाणी पुढे आमच्याकडे येणार. कोयनेतून विसर्ग वाढवला, कऱ्हाडला पाणी चढलं, की त्यांचा फोन यायचा, मग मध्यरात्र असो की पहाट. इकडे आयर्विन पुलाची पातळी प्रत्येकाच्या तोंडपाठ, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आण्णांचा जीव हरिपूरच्या पेवांत अडकलेला. जमिनीखालच्या त्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं किडीवाचून राहते, पण पाणी शिरलं की संपलं. पुढे २००५ च्या महापुराने हरिपूरची कितीतरी पेवं निकामी केली, २०१९ ला तर आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तोवर आण्णा नव्हते. फोन होता, पण वाजण्यापुरता कुणाला आठवत नव्हता. खरं तर त्या दिवसांत वीज गेल्यावर सगळ्यांचे मोबाइल माना टाकत होते. घरच्या विजेवर न चालणारा, एक्स्चेंजच्या बॅटरीवर जगणारा तो जुना डबा अशा वेळी किती कामाचा, हे बापूकाका गॅलरीत उभं राहून सगळ्यांना सांगत होता.

अमेरिकेत १९४९ साली आलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० नंबरच्या फोनला बुडाशी एक चाक होतं, घंटेचा आवाज कमी-जास्त करायला. हे वाचलं तेव्हा मला बापूकाकाच्या दुपारी आठवून वाईट वाटलं. पण त्या चाकातही एक खोच होती. ते कितीही फिरवलं तरी घंटा पूर्ण बंद होऊ नये, असा अडसर आत ठेवलेला होता. कंपनीचा हेतू सरळ धंद्याचा असणार, न उचललेल्या फोनचे पैसे मिळत नाहीत. तरी तो अडसर मला आवडतो. आजच्या मोबाइलला असला अडसर नाही. अंगठ्याने एक पट्टी खाली ओढली की शून्य. तेही ज्याचा फोन त्याने ठरवायचं, घरातल्या कुणाला विचारायचं कारण नाही. माझ्या मुलाचा फोन कायम मुका असतो. त्याला जेवायला बोलवायचं तर मी त्याच्या खोलीपर्यंत चालत जातो, म्हणजे वॉटसनच्या आधीच्या काळात.

मुका म्हणायचा तरी तो थरथरतो. आत एक इवलीशी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन. मोटर फिरली की अख्खा फोन हलतो. तो गादीवर असला तर कळत नाही आणि लाकडी टेबलावर असला तर पलीकडच्या खोलीत कळतो. मी त्याच्या टेबलावर त्याच्या फोनखाली रुमाल ठेवला, तर त्याने विचारलं, हे काय? मी मिरजेच्या सतारमेकरांचं नाव सांगितलं. त्याने रुमाल ठेवला तिथेच, पण मी गेल्यावर फोन उचलून गादीवर टाकला.

आता आम्ही विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहतो. फोनची तार केव्हाच काढली, पण घंटेवरून वाद आहेच, दाराच्या. जुन्या पद्धतीची डिंगडाँग बेल आहे. बटण दाबलं की आतला लोखंडी दांडा उसळून एका पट्टीवर आदळतो, तो डिंग. बोट उचललं की स्प्रिंग त्याला मागे दुसऱ्या पट्टीवर फेकते, तो डाँग. काकू आता ऐंशीच्या पुढे, आमच्याकडे असते, दुपारी झोपते. दिवसभर पार्सलवाले. बायकोने खुर्चीच्या पायांना लावायच्या फेल्टच्या टिकल्या आणून दोन्ही पट्ट्यांवर चिकटवल्या. आता पार्सलवाल्याला बाहेर काहीच ऐकू येत नाही, बेल बंद आहे असं समजून तो दार ठोकतो, आणि काकू दचकून उठते.

बापूकाकाला फोन करून विचारलं. तो दवाखान्याच्या रांगेत होता, तरी पाच मिनिटं बोलला. "दोन्हीकडं कशाला चिकटवलंस? डाँगवरची काढ, डिंगवरची ऱ्हाऊ दे. तिला चढा आवाजच सोसत न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "आणि बेल भिंतीवर लाकडाच्या फळीवर ठोकलीय का बघ."